खुणेच्या रकान्यातली भाषा

आमच्या घरात कर्ता पुरुष एकच, आणि तोही अर्धा वेळ एल्फांमध्ये राहायचा. एल्फ म्हणजे परीकथांमधले ते उंच, टोकदार कानांचे, कधी म्हातारे न होणारे लोक. दुसऱ्यांच्या वडिलांना पत्त्यांचा नाद असतो, तंबाखूचा असतो. माझ्या बाबांना एल्फांची भाषा तयार करायचा नाद होता. आई म्हणायची, "चला, निदान वास तरी येत नाही."

बाबा खडे बसवणारे कारागीर. दागिन्यांच्या एका जुन्या दुकानामागे कारखाना आहे, तिथे उत्तरेकडच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल. उत्तरेचीच खिडकी, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. टेबलाला पुढून अर्धगोल खाच, त्या खाचेत बाबांचं पोट, आणि मांडीवर टेबलालाच अडकवलेली चामड्याची झोळी. हातून खडा सुटला तर तो जमिनीवर न जाता झोळीत पडतो. चौतीस वर्षं तीच खिडकी, तीच झोळी. पोट तेवढं बदललं.

खडा बसवणं म्हणजे दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून मसुराएवढ्या वस्तूकडे बघत राहणं. असं बघणाऱ्याला दिसतं फार आणि सांगता येतं थोडं. बाबांची तक्रार तीच होती. खड्याच्या पोटातून येणारा उजेड वेगळा, अंगावरून घसरणारा वेगळा, आणि आपल्याकडे दोन्हीला शब्द एकच, चमक. "सत्तर वर्षं जगणाऱ्याला पुरतो तेवढा शब्द," ते म्हणायचे. "हजार वर्षं जगणाऱ्याला कसा पुरेल? तो हाच खडा पणजीच्या बोटात बघणार, मग पणतीच्या बोटात बघणार, झिजलेला बघणार. त्याला नकोत का निरनिराळे शब्द?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग बाबा स्वतःच उत्तर द्यायला बसले.

खड्याला त्यांनी 'नेशू' म्हटलं आणि तिथून गाडी सुटली. डोंगरातल्या एल्फांची बोली वेगळी, पाण्याकाठच्यांची वेगळी. डोंगरातले मोत्याला 'थुवा' म्हणतात आणि कपाळावर लावतात. पाण्याकाठचे मोत्याला दागिना मानतच नाहीत. शिंपल्याला झालेलं दुखणं ते, अंगावर काय मिरवायचं? म्हणून त्यांच्या बोलीत मोत्याचा शब्द आणि गाठीचा शब्द भाऊ-भाऊ आहेत. लिपी मात्र बाबांनी केली नाही, आपल्याच अक्षरांत लिहायचे. विचारलं तर म्हणायचे, "एल्फांचे हात मोकळे असतात, माझे नसतात."

नावंही सगळी खड्यांवरून. आईला त्यांनी 'ओल्नेशा' केलं होतं, म्हणजे ज्यावर चरा उठत नाही असा खडा. आईनं अर्थ ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे मला कितीही घासा, असंच ना?" मालकांना, कारखान्यातल्या सगळ्यांना नावं होती, पण ती घरात. कारखान्यात बाबांनाच एक नाव होतं, एल्फबुवा.

आणि मी 'इन्नेश'. खाणीतून निघालेला, अजून पैलू न पाडलेला खडा. एल्फांमध्ये लहान मुलांना असंच नाव देतात, पैलू पडले की बदलतात, असं बाबांचं म्हणणं. वयाच्या पाचव्या वर्षापासून मी ती भाषा शिकले. शिकले कसली, मला ती शिकवलीय हेच माहीत नव्हतं. रविवारी सकाळी बाबा काचेचे फुटके खडे सतरंजीवर ओतायचे, मी एकेक उचलून त्यात काय दिसतं ते एल्फांच्या भाषेत सांगायची, आणि शब्द नसला की आम्ही दोघं मिळून करायचो. 'इहिल' हा शब्द माझा आहे. खड्यातली केसासारखी बारीक रेघ. सात वर्षांची होते मी.

चौदाव्या वर्षी एकदा मी कंपासपेटी घरी विसरले. बाबा ती द्यायला शाळेत आले आणि मधल्या सुट्टीत, भर मैदानात, त्यांनी मला हाक मारली, "इन्नेश!" त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या वर्गाला सर्दी झाली. मी आत आले की चाळीस जण शिंकायचे, "इन्नेश! इन्नेश!" गणिताच्या सरांनाही हसू आवरेना.

शुक्रवारी मी जेवताना सांगून टाकलं. मला त्या नावानं हाक मारायची नाही, ती भाषा माझ्याशी बोलायची नाही, आणि हे असलं वेड्यासारखं दुसऱ्या कोणाचे वडील करत नाहीत. बाबांनी पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायले, खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं." पुन्हा एकदाही त्यांनी ते नाव घेतलं नाही. रविवारची सतरंजी बंद झाली. मला वाटलं होतं ते चिडतील, मग मी रडेन, मग काहीतरी मधला मार्ग निघेल. एवढं पटकन ऐकतील असं वाटलं नव्हतं. पण शब्द गेला तो गेला, आणि मागे घ्यायला मी काही कमी हट्टी नव्हते.

याला एकवीस वर्षं झाली. मी आता रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर नळ्यांवर आकडे चिकटवते. आमच्याकडे नावाला किंमत नाही, आकडा चुकला की माणूस चुकला.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी मला दुकानाच्या मालकांचा फोन आला. वडिलांच्या कारखान्यातून फोन म्हटल्यावर मी आधी तब्येतच विचारली. मालक म्हणाले, "तब्येत ठीक आहे त्यांची. पण तू ये. तुझ्याशिवाय हे सुटणार नाही." मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका दोन आठवड्यांपूर्वी अंगठी घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आईची अंगठी. गडद लाल खडा, त्याला धरून ठेवणारे सोन्याचे दाते झिजलेले, खडा हलायला लागलेला. बाबांनी तो काढला, साफ केला आणि परत बसवला. पूर्वी खडा बसतो ते घर मागून बंद होतं, म्हणजे खड्याच्या पाठीला सोन्याचा पत्रा होता. हल्ली करतात तसं बाबांनी ते मागून उघडं केलं, खाली उजेड यावा म्हणून. बाई अंगठी न्यायला आल्या तर खडा फिका गुलाबी. बाईंनी अंगठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "हा माझ्या आईचा खडा नाही."

बाबांचं म्हणणं, खडा तोच आहे. खडा मुळातच फिका होता, त्याच्याखाली जुन्या काळचा लाल वर्ख लावला होता, रंग त्या वर्खाचा. असं पूर्वी सर्रास करायचे. मग तो वर्ख कुठे आहे? घर उघडल्याबरोबर त्याची काळी भुकटी झाली आणि बाबांनी ती फुंकून टाकली. टेबलावर बसणाऱ्या कोणाही कारागिरानं फुंकलीच असती, काळ्या भुकटीवर कोण पहारा ठेवतो? पण आता पुरावा म्हणून फुंकर दाखवता येत नव्हती. आणि बंद घरातल्या खड्याचं वजन आधी करता येत नाही, त्यामुळे वजनही बाबांनी सांगितलेलं तेवढंच.

"बाई म्हणतात, खडा बदललाय," मालक म्हणाले. "मला तसं वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर दुकान चालत नाही. मी तुझ्या बाबांना म्हटलंय, उलगडा होईपर्यंत टेबलावर बसू नका."

चौतीस वर्षांत बाबांच्या झोळीत पडलेला एकही खडा घरी आला नव्हता. संध्याकाळी उठताना ते चपलांचे तळवे झटकायचे, एखादा कण चिकटला असेल म्हणून. आणि त्या माणसाला टेबलावरून उठवलं होतं.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"पावतीवर त्यांनी खूण लिहिली आहे," मालक म्हणाले. "पण ती त्यांच्या त्या भाषेत."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या दुकानाची रीत मला माहीत होती. दागिना घेताना गिऱ्हाइकासमोर पावती भरायची. वजन, माप आणि खूण असे तीन रकाने. खूण म्हणजे खड्यातला डाग, रेघ, जे काही असेल ते, म्हणजे तोच खडा परत मिळाला हे ताडून बघता येतं. गिऱ्हाइकानं खाली सही करायची आणि एक प्रत घरी न्यायची. या रकान्यात एल्फांची भाषा! आमच्याकडे असं कोणी नळीवर लिहिलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"तुम्ही चालवून कसं घेतलंत?" मी मालकांना जरा जोरातच विचारलं.

"रकाना बोटभर रुंद," ते म्हणाले. "आपल्या भाषेत तीन ओळी लागतात, त्यांचं एका शब्दात बसतं. आणि कधी भांडणच झालं नाही."

मी पोचले तेव्हा दुकानाच्या दर्शनी खोलीत बाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बाबा नव्हते. बाईंनीच त्यांना मागे कारखान्यात बसवलं होतं आणि मधलं दार लावून घेतलं होतं.

"तुमचे वडील मला अर्थ सांगत होते," त्या म्हणाल्या. "मी ऐकून घेतला नाही. स्वतःच्या भाषेत स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा, असं चालत नाही. मी विचारलं, ही भाषा आणखी कोणाला येते? तर म्हणाले, मुलीला यायची. पण तिला बोलावू नका."

"असं म्हणाले?"

"दोनदा म्हणाले. म्हणून तर मी बोलवायला लावलं."

त्यांनी पर्समधून आपली प्रत काढली. दोन आठवडे ती त्यांच्याकडेच होती, तिच्यावर कोणाला काही घालता-पुसता येणार नव्हतं. तिसऱ्या रकान्यात बाबांचं बारीक, सरळ अक्षर: दास्वे-फेन-इहिल-हुवेर. त्याखाली बाईंची ठसठशीत सही.

खरं सांगते, पहिल्यांदा मला काहीच आलं नाही. नुसते आवाज. पस्तिशीची बाई, समोर मुख्याध्यापिका, आणि मी तोच रकाना पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. मागच्या खोलीत बाबा बसले आहेत, त्यांची चौतीस वर्षं या कागदाच्या तुकड्यावर आहेत, आणि त्यांची एकुलती एक विद्यार्थिनी अभ्यास सोडून बसली आहे.

मग 'इहिल'पाशी डोळा थांबला. तो माझाच शब्द. सतरंजी आठवली, गुडघ्यांना टोचणाऱ्या काचा आठवल्या, आणि बाकीचे मागोमाग आले.

"इहिल म्हणजे केस," मी म्हटलं. "केसासारखी रेघ. फेन म्हणजे ढग, खड्यातला धुरकट डाग. दास्वे म्हणजे कडेपाशी. फेन आणि इहिल असे जोडून म्हणतात तेव्हा पहिल्यातून दुसरं निघतं. कडेजवळ ढग आहे आणि त्या ढगातून एक रेघ निघाली आहे."

बाईंनी हात पुढे केला. मालकांनी भिंग दिलं. बाईंना ते डोळ्याला लावता येईना, दोनदा पडलं, मग मालकांनी अंगठी कशी धरायची ते दाखवलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. अंगठी फिरवली, पुन्हा फिरवली. मग थांबल्या.

"ढग आहे," त्या हळूच म्हणाल्या. "रेघही आहे." भिंग खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "आणि चौथा?"

चौथा 'हुवेर'. मी तो कागदावर पाहिला, मनात म्हणून पाहिला, उलटसुलट केला. आतून काहीच हललं नाही. हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता.

सोपं होतं हो. भांडण कशावरून आहे ते मला मालकांनी फोनवर सांगितलं होतं. फिका, वर्ख, खालचा रंग, यातलं काहीही म्हटलं असतं तर बाबा तिथल्या तिथे सुटले असते. मला खोटं कोण पाडणार होतं? सगळ्या जगात एकच माणूस, आणि तो दाराआड. जिभेवर आलंही होतं. पण मग वाटलं, हा मनुष्य चपलांचे तळवे झटकून घरी येतो, आणि मी त्याच्यासाठी खोटं बोलून त्याला खरं ठरवायचं?

"चौथा मला येत नाही," मी म्हटलं.

मालकांनी डोळे मिटले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मुलांकडे बघून बघून तयार झालेली नजर. मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला पढवून आणलेलं नाही. पढवलेलं मूल चौथ्या प्रश्नाला अडत नाही." आणि मालकांना म्हणाल्या, "त्यांना बोलवा."

बाबा आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कामाचा एप्रन काढलेला, त्यामुळे ते मला कोणाच्या तरी लग्नात चुकून आलेल्या माणसासारखे वाटले. बाईंनी शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"उसना उजेड," बाबा म्हणाले. "खड्याचा स्वतःचा नसलेला. खालून आलेला."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं, की लाल रंग त्याचा नाही."

"हो."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मला कळेल अशा भाषेत?"

बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही ती अंगठी रुमालात गुंडाळून आणली होतीत. रुमालावर दुसरा रुमाल. आईच्या हातात कशी दिसायची ते सांगत होतात. तुमच्या आईचा खडा लाल नाही, हे माझ्यानं बोलवलं नाही. आणि लिहिल्याशिवाय राहवेना, कारण खूण खरी लिहायची असते. म्हणून ज्या भाषेत ते वाईट वाटत नाही त्या भाषेत लिहिलं. आणि तुम्हाला न सांगता नवा वर्ख घालणं म्हणजे खोटंच, म्हणून घर उघडं ठेवलं."

बाईंनी अंगठी बोटात घातली, काढली, पुन्हा घातली. मला आधी त्यांचा राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. साठ वर्षं लाल म्हणून जपलेली वस्तू एका दुपारी गुलाबी होणं काही लहान गोष्ट नाही.

"वर्ख परत घालता येईल?" त्यांनी शेवटी विचारलं.

"येईल. नवा घालून घर मागून बंद करतो."

"घाला. मला आता माहीत आहे, तेवढं पुरे." त्या उठल्या. दारापाशी जाऊन वळल्या. "आणि यापुढे गिऱ्हाइकाला कळेल असं लिहा. कागद लहान असेल तर मोठा छापून घ्या." हे मालकांना होतं. मालकांनी मान डोलावली आणि बाबांना म्हणाले, "एल्फबुवा, उद्या वेळेवर या."

आम्ही दोघं बाहेर पडलो. मला पुन्हा प्रयोगशाळेत जायचं होतं, बाबांना घरी, बसचा थांबा एकच. बाबांचं चालणं हळू झालंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"मला नका बोलावू असं का सांगितलंत?" मी विचारलं.

"तू नको म्हणाली होतीस ना."

"एकवीस वर्षं झाली त्याला."

"तारीख कुठे सांगितली होतीस, कधीपर्यंत ते?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "बाबा, हुवेर मला का आला नाही? विसरले का मी?"

"तुला येणं शक्यच नव्हतं. तू सोडल्यानंतरचा आहे तो."

मी चालता चालता थांबले. मी सोडलं त्या शुक्रवारी ती भाषा संपली, असं मी धरून चालले होते. मी ती मारली आणि बाबांनी तिला निमूटपणे मरू दिलं, असं. त्याची टोचणी होती, आणि टोचणी आहे म्हणूनच मी कधी विषय काढला नव्हता.

"नंतरही शब्द करत होतात?"

"बोलू नका म्हणालीस, बोललो नाही. करू नका असं नव्हतीस म्हणाली."

"किती झाले?"

"तू होतीस तोवर सहाशेच्या आसपास. आता दोन हजारांच्या वर असतील."

"पण कोणाशी बोलायचात?"

"कोणाशी नाही. पावतीवर लिहायचो." बाबा रस्त्याकडे बघत होते. "म्हणून तर ती सवय लागली. गिऱ्हाईक वाचायचं नाही, कळायचंही नाही. पण खाली कोणीतरी सही करायचं."

एकवीस वर्षं माझा बाप परक्या माणसांच्या सह्यांवर आपली भाषा चालवत होता, आणि मी रोज त्याच घरी जेवत होते, लग्न होऊन गेल्यावर दर रविवारी येत होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं. थांब्यावर बस आली, ती आम्ही जाऊ दिली. मी प्रयोगशाळेत फोन करून सांगितलं की आज परत येत नाही, नळ्या उद्या बघते. मग पर्समधून पेन काढलं, बाकावर बाबांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "मी सोडल्यानंतरचा पहिला शब्द सांगा. सावकाश सांगा, मला लिहून घ्यायचे आहेत सगळे."